बुरशीवर फवारा मारायच्या आधी गवताचा वाण विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या बागकामाच्या पुरवणीत लॉनवर पडणाऱ्या डागांबद्दल जो लेख आला तो मी दोनदा वाचला. लेख मेहनतीने लिहिलाय यात वादच नाही, कुठलं बुरशीनाशक किती पाण्यात मिसळायचं, पहिला फवारा कधी, दुसरा कधी, हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेने उभे राहू नका, सगळं नीट दिलंय. पण अख्ख्या लेखात एक प्रश्न कुठेच आला नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात आधी यायला हवा होता, की बाबा हे गवत आहे कुठल्या वाणाचं? म्हणून हे पत्र लिहितोय. मी खेळाच्या मैदानांची आणि बागांची हिरवळ सांभाळण्याचं काम करतो, त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही. पत्र लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

रोग यायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. बळी पडणारं गवत, रोग आणणारी बुरशी आणि तिला मानवणारं हवामान. बुरशी मातीत आणि बुडाशी साठलेल्या सुक्या काडीकचऱ्याच्या थरात कायम असतेच, ती कुणी समूळ संपवू शकत नाही. हवामान आपल्या हातात नाही, फार तर पाणी कधी द्यायचं ते आपण ठरवतो. उरलं गवत. आणि ते एकदाच ठरतं, पेरताना किंवा लावताना, त्यानंतर दहा-पंधरा वर्षं तेच आपल्या पायाखाली असतं. एवढा मोठा निर्णय लोक पिशवीवरचा हिरवागार फोटो बघून घेतात आणि मग पुढची सगळी वर्षं फवारा पंप खांद्यावर घेऊन फिरतात. तहान लागल्यावर विहीर खणायची असला हा प्रकार आहे आणि तो थांबवता येण्यासारखा आहे म्हणून जास्त वाईट वाटतं.

डॉलर स्पॉटचंच घ्या. लॉनवरच्या रोगांमध्ये यावर जगभर जेवढा पैसा ओतला जातो तेवढा क्वचितच दुसऱ्या कशावर जात असेल. हा रोग बघायचा तर पहाटे दव असताना गुडघ्यावर बसून बघा. बारीक कापलेल्या गवतात नाण्याएवढे फिकट पिवळे डाग दिसतात आणि त्यांच्यावर पांढरे कापसाळ तंतू पसरलेले असतात, ऊन चढलं की तंतू गायब, मग नऊ वाजता बघणाऱ्याला वाटतं की पाणी कमी पडलंय. एक पातं तोडून उजेडात धरा, मधेच आरपार पांढुरका पट्टा गेलेला असतो, तिथे पातं किंचित आवळलेलं असतं आणि पट्ट्याच्या दोन्ही कडांना तांबूस तपकिरी किनार असते. ही किनार दिसली की ओळख बरीचशी पक्की समजा. या बुरशीचं शास्त्रीय नाव २०१८ मध्ये बदलून क्लॅरिरीडिया असं झालं, त्याआधी तिला स्क्लेरोटिनिया म्हणत, जुन्या पुस्तकांत तेच नाव सापडेल.

आता याच रोगापुढे दोन वाण शेजारी शेजारी ठेवून बघा. गोल्फच्या ग्रीन्सवर, म्हणजे भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर, क्रीपिंग बेंटग्रास नावाचं गवत लावतात. १९९० च्या दशकात क्रेनशॉ नावाचा वाण आला, उन्हाळा सोसणारा म्हणून त्याचं खूप नाव झालं आणि उष्णतेपुरतं ते खरंही होतं. पण डॉलर स्पॉट आला की क्रेनशॉ सपाटून मार खातो, त्याच्याआधीचा १९५० च्या दशकातला जुना पेनक्रॉससुद्धा या रोगापुढे त्याच्यापेक्षा बरा टिकतो. त्यानंतर डिक्लरेशनसारखे वाण आले, त्यांच्यावर तोच रोग त्याच हवेत कितीतरी कमी पडतो आणि बुरशीनाशकाच्या फेऱ्या त्या प्रमाणात कमी लागतात. गवताची जात तीच, माती तीच, कापणीची उंची तीच, फरक फक्त वाणाचा. लेखात दिलेलं औषध दोघांनाही सारखंच लागू पडतं असं वाचकाला वाटलं असेल, तर एकाचे पैसे निम्मे पाण्यात जाणार आणि त्याला ते कळणारही नाही.

हे वाण आपोआप तयार होत नाहीत, त्यामागे माणसांची आयुष्यं गेली आहेत आणि ती गोष्ट वाचकांना सांगायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेत न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात सी. रीड फंक नावाचे पैदासकार, म्हणजे नवे वाण तयार करणारे शास्त्रज्ञ होते, १९६१ पासून ते तिथे लॉनच्या गवतावर काम करत होते. त्यांची पद्धत अशी की जुन्या बागा, कबरस्तानं, जुनी मैदानं धुंडाळायची, जिथे वर्षानुवर्षं तुडवलं गेलेलं, कापलं गेलेलं आणि कुणी फारसं लक्ष न दिलेलं गवत आहे, आणि त्यात जो एखादा ठिगळाएवढा तुकडा आजूबाजूचं सगळं करपलेलं असताना हिरवा राहिलाय तो उचलून आणायचा. १९६७ मध्ये त्यांनी पेरेनियल रायग्रास या लॉनच्या गवताचा मॅनहॅटन हा वाण दिला, त्याची मूळ रोपं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसारख्या जुन्या हिरवळीतून घेतलेली होती. त्याआधी रायग्रास म्हणजे जाडंभरडं, नीट कापलं न जाणारं, दोन वर्षांत विरळ होणारं गवत असं समजलं जायचं, मॅनहॅटननंतर ते बदललं.

गोळा करणं हा सोपा भाग. त्यानंतर रोपवाटिकेत हजारो रोपं सुटी सुटी, एकमेकांना चिकटणार नाहीत अशा अंतरावर लावतात आणि मग रोगाला आमंत्रण देतात. आपण लॉनवर जे कधीच करू नये ते तिथे मुद्दाम करतात, म्हणजे संध्याकाळी पाणी मारायचं म्हणजे पाती रात्रभर ओली राहतील, ब्राऊन पॅच, म्हणजे तपकिरी चट्टे पाडणारा बुरशीचा रोग हवा असेल तर नत्र जास्त द्यायचं, डॉलर स्पॉट हवा असेल तर नत्र तोडायचं, धान्याच्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी वाफ्यावर विखरायची, आणि बुरशीनाशकाचा थेंबही लावायचा नाही. काही आठवड्यांत ओळीच्या ओळी भाजून निघतात. मग पैदासकार वही घेऊन एकेका रोपापाशी वाकून गुण देत जातो. जी मोजकी रोपं तगली ती उचलून दूर एकट्या जागी एकत्र लावायची, वाऱ्याने त्यांचा आपसात संकर होऊ द्यायचा, बी गोळा करायचं आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. डॉलर स्पॉट किंवा ब्राऊन पॅचसारख्या रोगांत प्रतिकार एका जनुकावर नसतो, बऱ्याच जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो, त्यामुळे दर फेरीत पदरात पडतं ते थोडंच. एक वाण बाजारात यायला आठ-दहा वर्षं सहज जातात. शिवाय रोगाला टिकणारं रोप रंगाने चांगलं हवं, बारीक पात्याचं हवं, खाली कापलेलं सोसणारं हवं, आणि बीसुद्धा भरपूर देणारं हवं, नाहीतर बियाणं पिकवणारा शेतकरी त्याला हातच लावणार नाही. ओरेगॉनमध्ये गवताच्या बियाण्याची मोठी शेती होते, तिथे रायग्रासला खोडावरचा तांबेरा येतो आणि बी जातं, म्हणून लॉनवर जो तांबेरा आपल्याला कधी दिसणारही नाही त्याच्यासाठीसुद्धा पैदासकाराला निवड करावी लागते. एवढं सगळं एका रोपात जमवणं काय असतं याची कल्पना करा.

ग्रे लीफ स्पॉटचं उदाहरण तर मला फार महत्त्वाचं वाटतं. १९९१ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या गोल्फ मैदानांवर पेरेनियल रायग्रासचे पट्टेच्या पट्टे बसले. भातावर करपा आणणारी जी बुरशी तिच्याच कुळातला हा रोग. ऐन उन्हाळ्याच्या शेवटी, दमट हवेत, पात्यांवर राखाडी डाग येतात, कोवळ्या पात्याचं टोक पिळवटून गळासारखं वाकतं आणि चार-आठ दिवसांत हिरवं मैदान मातीचं होतं. नव्याने पेरलेली कोवळी रोपं तर उभीच राहत नाहीत. त्या दशकात हा रोग पसरत गेला आणि तेव्हा बाजारात असलेले जवळजवळ सगळे रायग्रास वाण त्याच्यापुढे हात टेकून मोकळे झाले. औषधं होती, पण महाग आणि वेळ थोडी जरी चुकली तरी निकामी. सुटका कुठून झाली? पैदासकारांच्या वाफ्यांतून. रटगर्सच्या वाफ्यांवर रोग आपणहून उतरला, बाकी सगळं मेलं आणि युरोपातून गोळा करून आणलेल्या गवतातून निघालेल्या थोड्या ओळी हिरव्या उभ्या राहिल्या. डॉ. विल्यम मायर, डॉ. स्टेसी बोनोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या ओळींवर काम केलं, इथे प्रतिकार पुढच्या पिढीत बऱ्यापैकी भरवशाने उतरतो असं दिसलं आणि काही वर्षांतच प्रतिकारक रायग्रास बाजारात आलं. ती युरोपातली रोपं कुणी वर्षांपूर्वी गोळा करून ठेवली नसती तर काय केलं असतं? म्हणून कुठलंही विद्यापीठ जुनं गवत जपायला चार वाफे राखून ठेवतं तेव्हा त्याला उधळपट्टी म्हणू नये असं मी अगदी कळकळीने सांगतो.

आता दुसरी बाजू, कारण ‘रोगप्रतिकारक’ असं पिशवीवर छापलं की लोकांना वाटतं विषय संपला. तसं अजिबात नाही. प्रतिकार हा एका ठरावीक रोगाशी असतो, सगळ्या रोगांशी नसतो, आणि जन्मभराचीही हमी नसते. केंटकी ब्लूग्रासचा मेरियन वाण बघा. १९३६ मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या मेरियन गोल्फ क्लबवर तिथली हिरवळ सांभाळणारे ग्रीनकीपर जो व्हॅलेंटाइन यांना गवताचा एक तुकडा वेगळा दिसला, दाट, गडद, आणि पानावरच्या करप्याने आजूबाजूचं ब्लूग्रास विरळ होत असताना हा शाबूत. त्यातून मेरियन झाला आणि १९५० च्या दशकात त्याचं बी लोकांनी अक्षरशः मागून मागून नेलं, जिकडे तिकडे मेरियन. मग काय झालं, करपा गेला आणि काणी आली. पट्ट्यापट्ट्यांची काणी म्हणजे पात्यावर लांब राखाडी-काळ्या रेघा उठतात, त्या फुटून काळी भुकटी बाहेर पडते आणि पातं उभं चिरून चिंध्या होतं. तांबेऱ्यालाही मेरियन बळी पडायचा, भुरीलाही. एकच वाण सगळीकडे असल्यामुळे या रोगांना रान मोकळं मिळालं.

फ्लोराटॅमची कथा याहून बोलकी आहे. सेंट ऑगस्टीन हे रुंद पात्याचं उष्ण हवामानातलं गवत, ते बियाण्याने लावत नाहीत, तुकडे किंवा गालिचा आणून लावतात. टेक्सासमध्ये १९६० च्या दशकात त्याच्यावर एक विषाणूजन्य रोग आला, पात्यांवर पिवळे ठिपके-रेघा आणि हळूहळू गवत खंगत जातं. विषाणूवर फवारा नसतो, हे लक्षात घ्या, तिथे औषधाच्या दुकानात मिळण्यासारखं काहीच नाही. फ्लोरिडा आणि टेक्सासच्या विद्यापीठांनी मिळून १९७३ मध्ये फ्लोराटॅम हा वाण दिला, तो या विषाणूला दाद देत नव्हता आणि वर चिंच बग नावाच्या रस शोषणाऱ्या किडीलाही पुरून उरत होता. लोकांनी डोक्यावर घेतला, फ्लोरिडात तर जिकडे बघावं तिकडे फ्लोराटॅम. १९८० च्या दशकाच्या मध्यावर चिंच बगची अशी पिढी आली की तिने फ्लोराटॅमही खायला सुरुवात केली. आणि २०१४ च्या सुमारास उसावरच्या मोझॅक विषाणूने याच फ्लोराटॅमचे लॉन तीन-तीन वर्षांत मारायला सुरुवात केली, शेजारी दुसरा वाण असेल तर त्याच्यावर नुसते पट्टे उठून भागायचं, फ्लोराटॅम मात्र मरायचा. एका विषाणूपासून वाचवणारा वाण दुसऱ्या विषाणूला सगळ्यात जास्त बळी पडला. यात पैदासकारांचा दोष मी अजिबात मानत नाही, त्यांनी समोर होता तो प्रश्न सोडवला. दोष एकाच वाणावर सगळ्यांनी डोळे झाकून भिस्त ठेवण्याचा.

म्हणूनच मिश्रणाचा मुद्दा येतो आणि इथे गवताची पुनरुत्पादनाची रीत समजून घ्यायला हवी. केंटकी ब्लूग्रासचं बहुतेक बी आईची हुबेहूब नक्कल असतं, दिसायला बी, पण संकर झालेलाच नसतो. पैदासकारासाठी ही मोठी अडचण, कारण दोन चांगल्या रोपांचं लग्न लावायला गेलं तर बहुतेक पिल्लं आईसारखीच निघतात आणि खरा संकर शोधायला शेकडो रोपं तपासावी लागतात. लॉन लावणाऱ्यासाठी त्याचा अर्थ असा की एका वाणाची पिशवी म्हणजे एकच रोप लाखो वेळा. एकाला रोग लागला की सगळ्यांना. त्यामुळे ब्लूग्रास लावताना तीन-चार वेगवेगळ्या घराण्यातले वाण मिसळून लावावेत, एक करप्याला मजबूत, एक उन्हाळ्यात मुळं कुजवणाऱ्या समर पॅचला मजबूत, सावली असेल तर ग्लेडसारखा भुरीला टिकणारा एखादा. पण मिसळायचे ते सगळेच आपापल्या परीने चांगले असायला हवेत, एका चांगल्या वाणात तीन भिकार वाण ढकलून त्याला मिश्रण म्हणणं ही फसवणूक आहे. रायग्रास आणि टॉल फेस्क्यू या गवतांचं वेगळं, तिथे एका वाणातही रोपारोपांत थोडा फरक असतो. आणि संकरित हरळीचं तर आणखीनच निराळं. जॉर्जियातल्या टिफ्टनमध्ये ग्लेन बर्टन यांनी तयार केलेला टिफवे १९६० चा, तो वांझ आहे, बी धरतच नाही, जगात जिथे जिथे तो आहे तिथे तिथे तुकड्यांनीच गेलेला आहे. एवढ्या प्रचंड क्षेत्रावर एकच रोप. अशा गवतात मिश्रण करता येत नाही कारण पोत आणि रंग वेगळा पडून ठिगळं दिसतात, म्हणून तिथे निदान वेगवेगळ्या मैदानांवर वेगवेगळे वाण लावावेत असं मला वाटतं. जिथे हिवाळा कडक असतो तिथे हरळीला वसंतात गोल मेलेले चट्टे पडतात, त्याला स्प्रिंग डेड स्पॉट म्हणतात, त्यावर ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचे लॅटिट्यूड ३६ आणि नॉर्थब्रिज हे वाण जुन्यांपेक्षा बरे टिकतात. पण जिथे थंडीच पडत नाही तिथे हा गुण विकत घेऊन उपयोग शून्य. रोग कुठला येतो ते आधी बघा, मग वाण.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. रायग्रास आणि फेस्क्यूच्या काही वाणांच्या आत एक मित्र बुरशी राहते, एपिक्लोई तिचं नाव, ती गवताला त्रास देत नाही, उलट पात्यात अशी द्रव्यं तयार करते की पानं खाणाऱ्या किडी तिकडे फिरकत नाहीत. बारीक पात्याच्या फेस्क्यूमध्ये तर तिच्यामुळे डॉलर स्पॉट आणि पात्यांवर लाल तंतू आणणारा रेड थ्रेड हा रोगसुद्धा कमी होतो असं वाफ्यांवर दिसलंय. ती बियाण्यातूनच पुढच्या पिढीत जाते. पण बियाणं गरम कोठारात वर्ष-दीड वर्ष पडून राहिलं तर ही बुरशी आत मरून जाते, बी मात्र छान उगवतं आणि घेणाऱ्याला वाटतं माल चांगला निघाला. म्हणून अशा वाणाचं बियाणं ताजं आणि थंड जागी ठेवलेलं असायला हवं. आणि जिथे गुरं-घोडी चरणार असतील तिथे हे गवत लावूच नये, तीच द्रव्यं त्यांना बाधतात.

मग सामान्य माणसाने निवड करायची कशी? अमेरिकेत १९८० पासून एनटीईपी नावाचा राष्ट्रीय चाचणी कार्यक्रम चालतो, मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलला त्याचं मुख्य ठिकाण. वेगवेगळ्या राज्यांतल्या विद्यापीठांत एकाच वेळी सगळे वाण लावतात, साधारण पाच वर्षं गुण देतात, एक ते नऊ, नऊ म्हणजे रोग नाहीच. तक्ते कुणालाही मोफत बघता येतात. पण ते बघायलाही यावं लागतं. बहुतेक विक्रेते एकूण दर्जाच्या सरासरीत पहिला आलेला वाण पुढे करतात, तुम्हाला ती सरासरी नकोय, तुम्हाला तुमच्या रोगाचा तक्ता हवाय, तुमच्यासारखं हवामान असलेल्या ठिकाणाचा आणि तुमच्याएवढ्याच उंचीवर कापलेल्या वाफ्याचा. तक्त्याच्या तळाशी एलएसडी (लीस्ट सिग्निफिकंट डिफरन्स, म्हणजे खरा मानावा असा कमीत कमी फरक) म्हणून एक आकडा असतो, दोन वाणांच्या गुणांतला फरक त्या आकड्याहून कमी असेल तर ते दोघे सारखेच समजायचे. एकाला ६.१ आणि दुसऱ्याला ५.८ आणि एलएसडी ०.९, तर पहिला सरस आहे असं सांगणारा विक्रेता तुम्हाला गंडवतोय किंवा त्यालाच कळलेलं नाही. एकाच वर्षाच्या आकड्यावर जाऊ नका, त्या वर्षी रोग आलाच नसेल तर सगळेच नऊ.

आणि पिशवीवर वाणाचं नावच नसेल, नुसतं ‘लॉन बियाणं’ किंवा ‘वाण नमूद नाही’ असं असेल, तर ती पिशवी कितीही स्वस्त असो तिथेच ठेवून या. नाव नाही म्हणजे त्या बियाण्याची कुठलीच चाचणी तुम्ही शोधू शकत नाही. जो माणूस म्हणतो की आमचं गवत सगळ्या रोगांना प्रतिकारक आहे त्याला फक्त एवढंच विचारा, कुठल्या रोगाला, कुठल्या चाचणीत, किती गुण. पुढचं बोलणं आपोआप थांबतं.

काही जण म्हणतील, औषधं आहेत ना, मग एवढी उठाठेव कशाला. औषधांचंही तेच होतंय जे वाणांचं होतं. डॉलर स्पॉटची बुरशी एकापाठोपाठ एक अशा बुरशीनाशकांच्या कितीतरी गटांना सरावली आहे, बेन्झिमिडॅझोल गट तर बऱ्याच मैदानांवर आता लागूच पडत नाही. जेवढे फवारे जास्त तेवढी सरावलेली बुरशी लवकर. प्रतिकारक वाण लावला की फवारे कमी लागतात आणि जे मारावे लागतात ते जास्त वर्षं काम देतात, म्हणजे वाण औषधालाही वाचवतो. शिवाय ज्या गवतावर लहान मुलं लोळतात, चेंडू उचलून तोच हात तोंडाला लावतात, तिथे एक फवारा जरी कमी झाला तरी मला तो हवाय. यात मी कुठलीही तडजोड मानत नाही.

चांगला वाण लावला म्हणून बाकीची कामं सुटत नाहीत हेही सांगतो. पाणी पहाटे द्या, म्हणजे पाती दिवसा सुकतील, संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर राहतं आणि बुरशीला तेच हवं असतं. नत्राचं प्रमाण रोग बघून ठरवा, उपाशी गवताला डॉलर स्पॉट, तांबेरा आणि रेड थ्रेड येतो, अति खाल्लेल्या गवताला उन्हाळ्यात ब्राऊन पॅच आणि ग्रे लीफ स्पॉट. ब्राऊन पॅचसाठी तर रात्रीचं तापमान वीस अंशांच्या वर राहिलं आणि पाती ओली असली की पुरे. पातं कापणाऱ्या यंत्राचं धारदार असणं, एका वेळी एक तृतीयांशपेक्षा जास्त न कापणं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी होत नाही. अर्धवट प्रतिकार असलेला वाण चुकीच्या निगेत हरतो आणि नीट निगेत जिंकतो, टॉल फेस्क्यूच्या ब्राऊन पॅचमध्ये हे दर उन्हाळ्यात दिसतं.

जुनं लॉन आधीच आहे त्यांनी काय करायचं, ते सगळं उपटून काढायची गरज नाही. रायग्रास आणि टॉल फेस्क्यूत जुन्याच हिरवळीवर माती किंचित खरवडून नवा वाण वरून पेरता येतो, तो भराभर उगवतो आणि दोन-तीन हंगामांत प्रमाण बदलत जातं. बी मातीला टेकलं पाहिजे, नुसतं वर उधळलं तर ते पाखरांचं. बेंटग्रासच्या दाट ग्रीनवर मात्र हे जवळपास जमत नाही, नवं रोप जुन्यापुढे टिकत नाही, तिथे बदल करायचा तर जुनं मारूनच करावा लागतो. हरळी आणि सेंट ऑगस्टीनलाही तेच, जुनी मुळं राहिली तर तीच पुन्हा वर येतात.

संपादक महोदय, माझी मागणी दोन गोष्टींची आहे. तुमच्या पुरवणीत जेव्हा जेव्हा लॉनच्या रोगावर लेख येईल तेव्हा औषधाच्या आधी त्या रोगाला टिकणाऱ्या वाणांची माहिती छापा, निदान वाणाचं नाव विचारा आणि रोगाचे गुण बघा एवढं तरी. आणि दुसरं, सार्वजनिक बागा आणि मैदानांच्या गवताच्या निविदा ज्यांच्या हाताखालून जातात त्यांच्यापर्यंत हे पोचू दे की निविदेत नुसतं ‘उत्तम प्रतीचं हिरवं गवत’ असं लिहून चालत नाही. त्यात वाणाचं नाव हवं, तिथे नेहमी येणारे दोन-तीन रोग कुठले ते हवं, त्या रोगांना चाचणीत किमान किती गुण हवेत ते हवं, आणि बियाणं किती जुनं चालेल तेही. या चार ओळी लिहायला कुणालाही अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागणार नाही. नमुना हवा असेल तर मी लिहून पाठवायला तयार आहे, तुम्ही तो पुरवणीत छापलात तर ज्याला लागेल तो कापून घेईल.

आपला,
हिरवळीच्या कामातला एक वाचक